अकोल्याला नेलेली रॅम

माझी नोकरीच संशय घेण्याची आहे. कृषी खात्यात मी बियाण्यांचे नमुने काढते. हंगामाच्या तोंडावर कृषी केंद्रात न सांगता जायचं, गल्ल्यावरच्या माणसाचा चहा नाकारायचा आणि सरळ त्याच्या गोदामातल्या पिशवीत हात घालायचा. मूठभर दाणे, सील, सही, आणि नमुना प्रयोगशाळेला रवाना. दुकानदार हसून बोलला की मला शंका येते. रागावून बोलला तर जास्त येते. इतकी वर्षं हेच केल्यावर स्वभाव तसाच होतो, त्याला कोण काय करणार? अमरावतीच्या आमच्या ऑफिसात माझ्या पाठीमागं मला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. म्हणोत बापडे.

आम्ही दोघी बहिणी. वडील आधीच गेले होते, आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. तिच्या वेण्या, तिची फी, तिचे ताप-खोकले, सगळं माझ्याकडं. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं इथं सांगत बसत नाही. तिचं झालं आणि ती अकोल्याला गेली. लग्नात तिनं सोन्याचा हट्ट धरला नाही. "ताई, मले गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन दे," म्हणाली, "आन तुह्यासाठीबी तसाच एक घे. रोज संध्याकाळी दोघी मिळून खेळू." नातेवाइकांनी नाकं मुरडली. मी ऐकते थोडीच! एकाच दुकानातून, एकाच दिवशी दोन कॉम्प्युटर जोडून घेतले, आतला स्क्रू न् स्क्रू सारखा. एक तिच्या आहेराच्या गाडीत चढला, एक माझ्या हॉलमध्ये राहिला.

गेम असा की दोघींनी एका उजाड ग्रहावर उतरायचं आणि राक्षसांचा फडशा पाडायचा. एकीनं पुढं जायचं, दुसरीनं पाठ सांभाळायची. पाठ नेहमी मी सांभाळायचे. कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक. पाहणाऱ्याला खेळ दिसला असता, माझ्या लेखी ती बहिणीची रोजची भेट होती. फोनवर ती कधी मोकळं बोलायची नाही, घाईत असायची. खेळता खेळता मात्र सगळं बाहेर यायचं. ऑफिसातून यायचं, कुलूप काढायचं, चहा टाकायचा आणि सातच्या ठोक्याला कॉम्प्युटर सुरू करायचा. दिवसभरात वाट पाहावी असं माझ्याकडं तेवढं एकच होतं.

यंदा थंडी सरता सरता तिचं खेळायला येणं कमी झालं. मग बंदच झालं.

"नवं अपडेट आलं न ताई," ती फोनवर म्हणाली, "माह्या कॉम्प्युटरले झेपून नाही राहिलं. गेम उघडतच नाही. आठ जीबी रॅम आहे, सोळा तरी लागते म्हणे."

"मंग टाकून घे."

"सध्या लय महाग आहे वं. राहू दे."

माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्याही कॉम्प्युटरमध्ये आठच जीबी होती. गेम अडखळत होता, राक्षस अंगावर येईपर्यंत दिसत नव्हता, पण उघडत होता! मग तिचाच काहून उघडत नाही? आणि ते "राहू दे". ज्या पोरीनं सोन्यावर पाणी सोडून कॉम्प्युटर मागितला, ती इतक्या सहजी राहू दे म्हणेल?

माझा पहिला संशय तिच्या सासूवर. बाई मूळची पातूरकडची, आवाज खणखणीत, बोलणं तोडून टाकल्यासारखं. लग्नाच्या दिवशी गाडीतून कॉम्प्युटरचं खोकं उतरलं तेव्हा ती म्हणाली होती, "हे काय दुकान घेऊन आली काय पोरगी?" सगळे हसले. मी हसले नव्हते. दुसरा संशय जावईबापूंवर. माणूस गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याचं मला काही खरं वाटत नाही. खेळताना शेवटी शेवटी मी काही विचारलं की ती "हाव", "नाही" एवढंच बोलायची, मागं भांडं वाजायचं आणि ती "ठेवते" म्हणून निघून जायची. कोणीतरी पोरीच्या मागं उभं राहत होतं, हे मी ठरवूनच टाकलं. रॅम वगैरे बहाणा आहे, यांनी तिचं खेळणं बंद केलं, म्हणजे तिचं माझ्याशी बोलणं बंद केलं. झालं, माझं डोकं फिरलं.

त्यावर मी शोधलेला उपाय असा: रॅमची पट्टी आपणच घ्यायची, अकोल्याला जायचं, आपल्या हातानं बसवायची. मग पाहते कोणता बहाणा उरतो ते.

पण रॅम घेणं सोपं नव्हतं. वर्षभरात भाव भलतेच चढले होते. पहिल्या दुकानदाराला कारण विचारलं तर म्हणे, एआयवाल्या मोठ्या मोठ्या कंपन्या सगळा माल उचलून राहिल्या. मला पटलं नाही. टंचाई म्हटलं की मला आधी कुलूप लावलेलं गोदाम दिसतं. वरून तो म्हणाला, "देतो मॅडम, पण संगं हा कीबोर्ड घ्या लागेल."

"याले लिंकिंग म्हणतात," मी म्हटलं. युरियाच्या पोत्यासोबत नको असलेलं औषध गळ्यात मारतात ना, तेच. "शेतकऱ्याच्या बाबतीत केलं असतं तर आत्ता पंचनामा केला असता."

तो माझ्या तोंडाकडं पाहतच राहिला. मी बाहेर पडले.

मग जुनी, वापरलेली पाहिली. परतवाड्याच्या कोणीतरी मोबाइलवर जाहिरात टाकली होती, किंमत निम्मी. "वापरलीच नाही, तशीच पडून आहे," असं लिहिलं होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. खालच्या सोनेरी दातांवर घासल्याचे ओरखडे होते. न वापरताच घासली काय? विचारलं तर म्हणतो, "बसस्टँडवर या, हातोहात देतो." बसस्टँडवर बियाणं विकणाऱ्याकडून घेऊ नका, हे मी गावोगाव सांगत फिरते. त्याला मी उत्तरसुद्धा दिलं नाही.

तिसरं दुकान राजकमल चौकाच्या मागं, एका जिन्याखाली. दुकानदार माझ्याच वयाचा, कपाळावर आठ्या. मी सीलबंद पाकीट मागितलं, चष्मा वर करून त्याच्यावरची अक्षरं वाचली, छपाई फिकी आहे का पाहिली, मग दुसरं पाकीट मागून दोन्ही शेजारी धरली. म्हटलं, बॅच नंबर वेगळा काहून? आणि वॉरंटी कोण देणार, तुम्ही की कंपनी? बिल पक्कं ना?

"मॅडम, तुमी पोलिसात आहे काय?"

"कृषी खात्यात."

"मंग हे पेरायचं नाही मॅडम. नुसतं लावायचं आहे."

मला हसू आलं होतं, पण मी दाखवलं नाही. त्यानं मात्र एक गोष्ट विचारली. "कॉम्प्युटर दुसऱ्याचा आहे म्हणता. तर आतल्या मदरबोर्डाचा फोटो मागवून घ्या. नव्या बोर्डाले ही चालत नाही. हिची खाच वेगळ्या जागी असते."

"फोटोची गरज नाही. दोन कॉम्प्युटर एकाच दिवशी घेतलेले आहेत. एकाच लॉटचे."

फोटो मागवायचा म्हणजे बहिणीला कळणार, म्हणजे घरात कळणार, म्हणजे मी जाईपर्यंत सगळं सारवासारव करून ठेवणार. नमुना काढायला जाताना कोणी दुकानदाराला आधी फोन करत नसतं.

घरी आल्यावर मी पाकीट खालच्या बाजूनं कापलं. शेतकऱ्याला आम्ही हेच शिकवतो: पिशवी खालून फोडा, वरचं लेबल आणि टॅग शाबूत ठेवा, उद्या तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. बिल लेबलाला टाचलं. मग पेरणीआधी करतात तशी चाचणी. आधी माझ्या कॉम्प्युटरमध्ये ती रॅम बसवली. अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडाला हात लावला, झाकण काढलं, मोकळ्या जागेत ती दाबली, टक् आवाज आला. सुरू केल्याबरोबर सोळा जीबी दिसली. गेम असा लोण्यासारखा चालला की काय सांगू! राक्षस लांबूनच दिसायला लागला. एकटीनं खेळण्यात मजा नाही म्हणून मी लवकरच बंद केलं, रॅम काढून पाकिटात घातली आणि खालून स्टेपल मारलं. माल खरा होता. आता अकोल्यात ती चालली नाही तर दोष मालाचा नाही, माणसांचा, एवढं माझ्यापुरतं पक्कं झालं.

रविवारी सकाळची बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत मी मनातल्या मनात सासूशी भांडत होते. ती काय म्हणेल, मी काय म्हणेन, सगळं ठरलं होतं.

दार सासूनंच उघडलं. "या ताई! फोन नाही, काही नाही?"

"सहज आली," मी म्हटलं आणि आत नजर टाकली.

बहीण ओट्याशी होती. मला पाहून तिचा चेहरा क्षणभर पडला. मी तो पाहिला. माझं कामच ते. नंतर ती हसली, गळ्यात पडली, पण आधीचं मी पाहिलं होतं. मी तिचे हात पाहिले, डोळ्यांखाली पाहिलं, ती वाळली का पाहिलं. वाळली नव्हती. उलट थोडी भरली होती. तेही मला संशयास्पदच वाटलं. जावईबापू कुठंतरी बाहेर गेले होते.

"रॅम आणली तुह्यासाठी," मी पाकीट काढलं.

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "अवं ताई! कायले आणली? मी म्हटलं होतं न राहू दे म्हणून."

"बसवून देते, पाच मिनिटाचं काम आहे."

"आधी जेव तर. एवढ्या उन्हातून आली. हे आल्यावर पाहू न."

"त्याईची काय गरज?"

"राहू दे न ताई, खरंच राहू दे."

ती जितकं राहू दे म्हणत होती, तितकी माझी खात्री पटत होती. पोरगी घाबरली आहे. सासू कूलरसमोर लसूण सोलत बसली होती, मान वर न करता. मी तडक आतल्या खोलीत गेले. कॉम्प्युटर तोच होता, तोच काळा डबा. झाकण काढलं. जिथं एक जागा मोकळी असायला हवी होती तिथं रॅम बसलेली. दोन्ही जागा भरलेल्या.

"हे पाह्य!" मी ओरडलेच. "तुमच्या इथल्या कोण्या मेकॅनिकनं हात मारला यात. तुही चांगली रॅम काढून काहीतरी भंगार टाकलं. कोणाले दाखवला होता कॉम्प्युटर?"

बहीण दारात उभी होती. मी एक रॅम खेचून काढली, तिच्या जागी माझी लावायला गेले. बसेना. उलटी करून पाहिली, बसेना. अंगठ्यानं जोर दिला.

"ताई, जोर नको लावू," ती म्हणाली. "ते बसणार नाही तिथं."

"तुले कसं माहीत?"

मी काढलेली रॅम आणि आणलेली रॅम शेजारी शेजारी धरल्या. खाच वेगळ्या जागी होती. चष्मा वर करून काढलेल्या रॅमवरचं लेबल वाचलं. सोळा जीबी. आत अजून तशीच एक होती. आठ जीबीत भागत नाही म्हणून सांगणाऱ्या माझ्या बहिणीच्या कॉम्प्युटरमध्ये बत्तीस जीबी होती. डबा तेवढा जुना, आतला बोर्डच नवा.

बाहेरून सासूचा आवाज आला, "अवं, तो आतून तर दिवाळीतच बदलला न! मीच म्हटलं पोराले, टाकून दे तिले चांगला. आता पाहाले किती मजा येते. मीबी बसतो तिच्यामांगं. ते राक्षस मांगून येते न, तिले दिसत नाही, मी सांगतो, आला पाह्य, मांगून आला!"

मी पलंगावर बसले. आता संशय घ्यायला कोणी उरलंच नव्हतं. माल खरा होता, दुकानदार खरा होता, सासू खरी होती. खोटं एकटी माझी बहीण बोलली होती, आणि तेही मला.

"तू रोज खेळते?" मी विचारलं.

"हाव. मी आन हे. कधी यांचे मित्र असतात."

"मंग मले काहून नाही?"

ती दार लोटून आत आली आणि हळू आवाजात बोलायला लागली. मग तिचा आवाज आपोआप चढला. "तू खेळते कुठं ताई? तू नमुने काढते. रोज माह्या घरचा नमुना काढते. आवाज कायचा आला, कोण आलं, तू रडून राहिली का, आज उशीर काहून झाला. मी हसली तरी तुले शंका, गप्प बसली तरी शंका. दिवसभर काम करून तासभर खेळाले बसावं, तर तू माही जबानी घेते. मी सांगू तरी काय? काही झालंच नाही तर कुठून आणून सांगू?"

"मले काळजी वाटते तुही."

"मले माहीत आहे न. म्हणून तर तोंडावर सांगता नाही आलं. रॅमचं सांगितलं." ती माझ्याशेजारी बसली. "एक दिवस हेडफोनची वायर निसटली होती. तुहा आवाज अख्ख्या घरात आला. तू विचारून राहिली होती, ती म्हातारी तुले पोटभर जेवाले तरी देते काय म्हणून. सासूबाई इथंच बसल्या होत्या. काही नाही बोलल्या, उठून गेल्या. त्या दिवसापासून माही हिंमतच नाही झाली तुह्यासंगं खेळाची."

मला तोंड कुठं लपवू असं झालं. बाई माझं ते बोलणं मनात ठेवून होती, इतके महिने. आज दार उघडून "या ताई" म्हणाली होती.

तेवढ्यात सासू दारात आली. हातात ताट. "चला ताई, जेवाले बसा," ती म्हणाली. मग माझ्याकडं सरळ पाहून, जराही आवाज न चढवता, "पोटभर जेवा. आमच्या घरी म्हातारी जेवाले देते."

बहिणीनं तोंडावर हात ठेवला. मी मान खाली घालून उठले आणि पाटावर बसले. भाकर होती, झुणका होता, कैरीचा तक्कू होता. बाईनं मला आग्रह करून करून वाढलं, एकदाही टोमणा मारला नाही. तो एक मारला होता तेवढा पुरे होता. मी पानातलं सगळं संपवलं, टाकायची छाती नव्हती. जेवण झाल्यावर मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं दंड धरून उभं केलं. "राहू द्या. माही बहीण असती न दुसऱ्याच्या घरी, तर मीबी तेच विचारलं असतं," ती म्हणाली. "फक्त रोज नसतं विचारलं."

थांबा म्हणाले सगळे, पण मला थांबवेना. रॅम मी परत पर्समध्ये टाकली. बहीण मला रिक्षापर्यंत सोडायला आली. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो, कडुलिंबाच्या सावलीत. ती काहीतरी बोलेल याची मी वाट पाहत होते, ती माझी.

"तू खुश आहे न?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पाह्य," ती म्हणाली, "पुन्हा तेच."

तिच्या डोळ्यांत राग होता. खरा राग. मी तिला लहानाची मोठी केली, पण असा राग माझ्यावर कधी पाहिला नव्हता. रिक्षा आली. मी एक पाय आत ठेवला आणि मला सातची वेळ दिसली. कुलूप, चहा, कॉम्प्युटर, आणि पुढं काहीच नाही. इतकी भीती मला कशाचीच कधी वाटली नव्हती. आणि मग मी कधीच कोणाजवळ बोलले नव्हते ते बोलून गेले.

"मले करमत नाही वं तिकडं," मी म्हटलं. "मले एकटीले करमत नाही."

मी पाय मागं घेतला, पुन्हा आत ठेवला. काय करावं ते मला सुचत नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, "बसा न मॅडम." मी बसले आणि दुसरीकडं पाहायला लागले, कारण माझे डोळे भरले होते आणि मला ते तिला दाखवायचे नव्हते.

"एवढंच होतं तर मंग पहिलेच सांगाचं न, ताई," ती म्हणाली. "मी तर समजत होती तू माही पहारेदारी करून राहिली."

तिनं मला आत ढकललं, घरातल्याच गाउनवर, पायात स्लिपर तशीच माझ्याशेजारी येऊन बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला भाऊ, बसस्टँडवर घ्या. आन हळू घ्या जरा, मले हिच्यासंगं बोलायचं आहे."